हवा सामाईक, तार वेगळी

(धाराशिव येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाच्या सुरुवातीला मोबाइल बंद करायला सांगतात. मी तो बाहेर काढायला सांगणार आहे. वायफाय चालू करा आणि जवळपासच्या वायफायची यादी उघडा. जोडायचं काही नाही, नुसती नावं वाचा. मघाशी अध्यक्षांचा परिचय चालू होता तेव्हा मी मोजली. माझ्या फोनला सतरा दिसली. त्यांत दोन 'जय भवानी' आहेत. एकाने जिल्ह्याचं जुनं नाव ठेवलंय, त्याच्या शेजाऱ्याने मुद्दाम नवं. एका गृहस्थाने तर 'पासवर्ड मागू नये' हेच नाव दिलंय. सतराच्या सतरा कुलूपबंद.

म्हणजे या सभागृहाच्या आसपासच्या घरांत आणि दुकानांत मिळून सतरा तारा आल्या आहेत. त्यातल्या या घडीला किती वापरात असतील? निम्मे दुकानदार तर इथेच बसलेले दिसतात. त्यांच्या तारा आत्ता झोपल्या आहेत. आणि मागच्याच गल्लीत एखादी पोरगी स्पर्धा परीक्षेचा व्हिडिओ लावून पडद्यावर गरगर फिरणाऱ्या चाकाकडे बघत बसली असेल. मला आज या झोपलेल्या तारा आणि त्या फिरणाऱ्या चाकाबद्दल बोलायचं आहे.

ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आहे त्या गुरुजींच्या नावाने बोलायचं तर आडापासूनच सुरुवात करावी लागते. आम्ही राहायचो त्या वाड्यात चार बिऱ्हाडं होती आणि आड एक. चैत्र सरला की झरा बारीक व्हायचा, आणि पाळ्या लागायच्या. एका उन्हाळ्यात कोणीतरी टूम काढली की आडावर दुसरा रहाट बसवू, म्हणजे भांडणं मिटतील. गुरुजी विज्ञानाचे शिक्षक. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि दुसरा झरा कोण बसवणार?" रहाट बसला नाही. मला मात्र पुढे नोकरीत पस्तीस वर्षं, तारा ओढताना आणि डबे बसवताना, हा प्रश्न सारखा आठवत राहिला.

कारण वायफायचा डबा म्हणजे रहाट आहे. झरा म्हणजे हवेतली लहरींची जागा. आपल्याकडे २००५ साली सरकारने २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्यातून मोकळा केला. एकूण रुंदी साडेत्र्याऐंशी मेगाहर्ट्झ. त्यावर एक ते तेरा असे चॅनल आखलेले आहेत आणि ही आखणी फसवी आहे. दोन चॅनलमध्ये अंतर पाच मेगाहर्ट्झचं, पण एका वायफायला बोलायला जागा लागते सुमारे वीस मेगाहर्ट्झ. एस.टी.च्या बाकावर तेरा आकडे रंगवले म्हणून तेरा माणसं बसत नाहीत. बसतात तीनच: एक, सहा आणि अकरा. सतरा डबे आणि तीन जागा.

इथे एक हुशार माणूस नेहमी भेटतो. तो म्हणतो, "एक, सहा, अकरावर गर्दी आहे ना, मग मी आपला तीनवर बसतो." बस प्रवासात अशा माणसाला आपण ओळखतो. दोन सीटच्या मध्ये, फटीत बसणारा. त्याच्यामुळे दोघांचीही अडचण होते आणि त्यालाही धड बसता येत नाही. लहरींच्या बाबतीत याचं कारण ऐकण्यासारखं आहे. एकाच चॅनलवरचे दोन डबे एकमेकांची भाषा ओळखतात, आणि अगदी क्षीण आवाज आला तरी थांबतात. पण अर्धवट शेजारच्या चॅनलवरचा आवाज त्यांना भाषा म्हणून कळत नाही, नुसता कलकलाट म्हणून कळतो. आणि कलकलाटासाठी थांबण्याची मर्यादा फार वरची ठेवलेली आहे: ओळखीच्या आवाजाच्या शंभरपट मोठा आवाज झाला तरच डबा गप्प बसतो. तोवर दोघेही एकमेकांवर बोलत राहतात आणि दोघांचंही वाया जातं. तेव्हा शेजाऱ्याच्याच चॅनलवर जाऊन बसणं पुष्कळदा त्याच्या अर्ध्या अंगावर बसण्यापेक्षा बरं. सभ्यपणा म्हणून सांगत नाही मी, हिशेबच तसा आहे.

आता ओळखीचा आवाज आला की थांबतात, म्हणजे नेमकं काय करतात? हे समजून घ्यायला आपल्या मराठवाड्याइतकी सोयीची जागा नाही, कारण आपल्याला मुकादम माहीत आहे. ऊसतोडीच्या टोळीत कोणी कोणत्या सरीला लागायचं हे मुकादम ठरवतो. मोबाइलचा टॉवर असा मुकादम असतो. प्रत्येक फोनला तो सांगतो, सेकंदाचा हा हजारावा भाग तुझा, पुढचा त्याचा. नवरात्रात आणि त्यानंतरच्या पौर्णिमेला तुळजापूरच्या वाटेवर लाखोंनी माणसं चालत असतात, तेव्हा टॉवर कोलमडतो तो वाटे पुरत नाहीत म्हणून. वाटण्याची व्यवस्था तेव्हाही जागेवर असते.

वायफायला मुकादम नाही. तिथे पारावरच्या गप्पांचा नियम चालतो: आधी ऐका, कोणी बोलत नसेल तर बोला. पण दोघे एकदमच 'आता शांत आहे' असं समजून बोलले तर? म्हणून प्रत्येक जण मनातल्या मनात शून्य ते पंधरामधली एक चिठ्ठी उचलतो आणि तेवढे क्षण थांबतो. हा एक क्षण म्हणजे सेकंदाचा नऊ दशलक्षांश भाग. ज्याची चिठ्ठी लहान तो आधी बोलतो, बाकीचे मोजणी तिथेच थांबवून वाट बघतात. तरीही टक्कर झालीच तर पुढच्या वेळी चिठ्ठी शून्य ते एकतीसमधून, मग त्रेसष्टपर्यंत, असं दुप्पट दुप्पट करत एक हजार तेवीसपर्यंत. टक्कर झाली की आवाज न चढवता जास्त वेळ थांबायचं, हा नियम यंत्रांना शिकवता आला. ग्रामसभेला अजून नाही.

या शिस्तीची किंमत कळायला शिस्त नसेल तर काय होतं ते बघावं. हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांनी १९७१ साली बेटाबेटांवरची संगणक यंत्रं रेडिओने जोडली. नियम साधा होता: बोलायचं असेल तेव्हा बोला, टक्कर झाली तर पुन्हा बोला. गणित केलं तेव्हा असं निघालं की या पद्धतीत हवेच्या वेळेतला जास्तीत जास्त अठरा टक्के वेळ कामी येतो. उरलेला टकरींत आणि शांततेत जातो. आजचं सगळं वायफाय त्या अठरा टक्क्यांतून वर येण्याच्या धडपडीतून निघालं आहे.

मुकादम असावा की पार असावा, यात मी कोणाची बाजू घेत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने शेजारचा लातूर जिल्हा आणि आपला उमरगा-लोहाऱ्याकडचा भाग हादरला. सास्तूरचं काय झालं ते इथल्या पन्नाशीच्या पुढच्या माणसांना सांगायला नको. तेव्हा मोबाइल नव्हते, आणि मदतीला आलेल्यांत हौशी रेडिओवाले होते. या लोकांची जगभर एक रीत आहे. एरवी ते पारावरच्यासारखे बोलतात, आधी ऐकून. पण आपत्ती आली की त्या कंपनसंख्येवर एक जण नियंत्रक होतो, आणि तो नाव घेईल त्यानेच बोलायचं. लहरी त्याच, यंत्रं तीच, माणसंही तीच. गर्दी आणि निकड वाढली की ते आपण होऊन एक मुकादम नेमतात, आणि काम संपलं की त्याला मोकळं करतात. आपल्या गल्लीतल्या सतरा डब्यांना हे जमत नाही, कारण ते एकमेकांचे आवाज ऐकतात पण एकमेकांशी बोलत नाहीत.

धाराशिवात अभ्यासिका किती झाल्या आहेत, तुम्ही बघताच. त्यातल्या एका चालकांनी मला बोलावलं होतं. एका हॉलमध्ये सत्तर-ऐंशी मुलं. नेट चालेना म्हणून त्यांनी दुसरा डबा लावला, तरी चालेना म्हणून तिसरा. तिन्ही एकाच तारेवर, तिन्ही पूर्ण ताकदीवर, आणि तिन्ही चॅनल सहावर. तिसऱ्या डब्याने परिस्थिती आणखी बिघडवली होती. मी जाऊन काय केलं? एक बंद केला, उरलेल्या दोघांची ताकद कमी केली, आणि ज्यांचे फोन घेतात त्यांना पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ढकललं. मालकांचा चेहरा पडला. यंत्र आणून लावण्याचे पैसे देताना माणसाला वाईट वाटत नाही, पण काढून टाकण्याचे देताना वाटतं.

ताकद कमी केली, हे त्यांना सर्वात खटकलं. सहा अँटेनांचा डबा घेतलाय, तो गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेला पाहिजे ना! पण डबा कितीही ओरडला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो. डब्याचं फोनला ऐकू येतं, फोनचं डब्याला नाही, आणि फोनवर रेंज भरलेली दिसत असूनही काही उघडत नाही. शिवाय डबा जितक्या लांब ऐकू जातो तितक्या लांबच्या सगळ्यांना त्याच्यासाठी थांबावं लागतं. लग्नातल्या डीजेबद्दल बोलायची सोय नाही, म्हणून मी डब्याबद्दल बोलतो.

पाच गिगाहर्ट्झचं एक सांगून टाकतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्या पट्ट्यातले एकूण ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे झाले. खालच्या पट्ट्याच्या सातपट जागा. तक्रार अशी की या लहरी भिंत ओलांडत नाहीत. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत, पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंतींतून तर मुळीच नाही. मला यात तक्रार दिसत नाही. जी भिंत तुमचं नेट आत अडवते तीच शेजाऱ्याचं बाहेर अडवते. खोली मोठी असेल तर तिथे दुसरा डबा तारेने जोडून ठेवा आणि दोघांनाही हळू बोलायला सांगा.

गोंधळाबद्दल बोलल्याशिवाय या जिल्ह्यात व्याख्यान पुरं होत नाही. आपण कलकलाटाला 'गोंधळ' म्हणतो, आणि हा शब्दावर अन्याय आहे. भवानीचा गोंधळ ज्याने रात्रभर ऐकलाय त्याला माहीत आहे की संबळ कधी थांबते, तुणतुणं कधी एकटं उरतं, नायकाचं निरूपण चालू असताना साथीदार कुठे तोंड घालतो, हे सगळं बांधलेलं असतं. पण त्यातली एक गोष्ट वायफायला तंतोतंत लागू पडते. गोंधळात आधी सगळ्या दैवतांना आवतण असतं. एकेक ठाणं, एकेक नाव. कथा त्यानंतर.

वायफायचा प्रत्येक डबाही आपलं नाव पुकारत असतो, सेकंदाला साधारण दहा वेळा. तुमच्या फोनवरची यादी त्या पुकाऱ्यातूनच होते. जुन्यात जुन्या फोनलाही कळावं म्हणून पुष्कळ डबे हा पुकारा सर्वात संथ वेगाने, म्हणजे सेकंदाला एक मेगाबिट, करतात. त्या वेगाने एका पुकाऱ्याला साधारण अडीच मिलिसेकंद लागतात. दहा पुकारे म्हणजे पंचवीस मिलिसेकंद, हवेतल्या वेळेचे अडीच टक्के. एकट्या डब्याचं हे काहीच नाही. पण सतरा डबे एकाच चॅनलवर असले तर चाळीस टक्क्यांवर वेळ नुसता नावं घेण्यात जातो. कोणी काही पाहिलेलं नाही, कोणी काही पाठवलेलं नाही, आणि निम्मी रात्र आवतणातच सरली.

आता पाळीकडे येऊ. पाळी कशात मोजायची, हा आपल्याकडे भावकी मोडणारा प्रश्न आहे. सामाईक विहिरीत चार भावांचा चार-चार आण्यांचा हिस्सा सातबाऱ्यावर लिहिलेला असतो, पण तो पाण्यात मोजत नाहीत, वेळेत मोजतात. तुझी मोटर सोमवारी, माझी मंगळवारी. कोणाचा पाइप तीन इंची आणि कोणाचा दीड इंची, हे ज्याचं त्याने बघावं. कालव्यावर शेजपाळी लावतानाही तासच मोजतात. वायफायवाल्यांनी सुरुवातीला उलट केलं. त्यांनी प्रत्येकाला वेळ समान न देता बोलण्याच्या संधी समान दिल्या. ग्रेनोबलच्या संशोधकांनी २००३ साली याचा परिणाम मांडला: सगळे फोन सेकंदाला अकरा मेगाबिटच्या वेगाचे, पण दूर कोपऱ्यात एकच जण एक मेगाबिटवर असेल, तर सगळ्यांचाच वेग त्याच्याही खाली येतो. कारण पाळी त्याची एकच असली तरी तो तीत अकरापट वेळ खातो. संधी समान, आणि सगळे सारखेच गरीब. हे दुरुस्त करून हवेतला वेळ समान वाटण्याची पद्धत पुढे आली, आणि २०१७ च्या सुमारास ती लिनक्सवर चालणाऱ्या साध्या डब्यांपर्यंत पोचली. आपल्याकडच्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या शेतकऱ्याने ती विहिरीवर आधीच लावलेली होती. अभिमानाने छाती फुगवण्यासारखं त्यात काही नाही. विहिरीवर चूक केली तर डोकी फुटतात, म्हणून तिथे लवकर शिकतात.

पण पाण्याची उपमा मला इथे सोडून द्यायची आहे, कारण ती इथून पुढे दिशाभूल करते. मी आज पाणी उपसलं नाही तर ते विहिरीत राहतं. उद्या मिळतं, किंवा निदान खालच्या विहिरीला लागतं. मी आज संध्याकाळी माझी तार वापरली नाही, तर ती क्षमता कुठे जाते? कुठेच नाही. संध्याकाळी सात ते आठमधला मोकळा तास आठ वाजता संपतो. तो साठवता येत नाही, पुढच्या महिन्यावर टाकता येत नाही. म्हणून झोपलेली तार शेजाऱ्याला देणं हे पाणी देण्यासारखं नाही. पाणी देताना माझं कमी होतं. तार देताना, मी जागा नसेन तोवर, माझं काहीच कमी होत नाही.

आणि म्हणून मला आपली आजची अवस्था उफराटी वाटते. घराघरात दोन वेगवेगळ्या चिंचोळ्या जागा असतात. एक हवेत, डबा आणि फोन यांच्यामध्ये. दुसरी डब्याच्या मागे, खांबावरून आलेल्या तारेत. चांगला डबा हवेत सेकंदाला शेकडो मेगाबिट देतो. घरात घेतलेली तार पुष्कळदा चाळीसची किंवा शंभरची असते. या दोघींपैकी हवा आपण सतरा जण मिळून वाटून घेतो, इच्छा असो वा नसो. भांडण तिथेच आहे आणि तिला कुंपण घालता येत नाही. तार मात्र प्रत्येकाची वेगळी, बहुतेक वेळ रिकामी, आणि कुलपात. जी वाटली की त्रास होतो ती वाटून झालीये. जी वाटली तर फायदा होईल तिला पासवर्ड आहे.

हे तंत्राने सोडवता येत नाही असं नाही. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात रणवीर चंद्रा आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवलं की एकच वायफाय कार्ड आळीपाळीने दोन नेटवर्कशी इतक्या चपळाईने बोलू शकतं की वापरणाऱ्याला ते एकाच वेळी दोन्हीकडे जोडलेलं वाटावं. २००८ साली एम.आय.टी.तल्या श्रीकांत कंडुला, दीना काताबी आणि सहकाऱ्यांनी ते पुढे नेलं: आसपासच्या अनेक डब्यांच्या मागच्या तारांची उरलेली क्षमता एकाच संगणकाने गोळा करायची. त्यातली युक्ती मला फार आवडते. वायफायमध्ये फोनला बॅटरी वाचवण्यासाठी 'मी जरा झोपतो' असं डब्याला सांगायची सोय आहे. तोवर डबा त्याच्या वाटचं सामान धरून ठेवतो. तर यांचा संगणक पहिल्या डब्याला सांगतो, मी झोपलो, आणि दुसऱ्याकडे जाऊन काम करतो. मग दुसऱ्याला सांगतो, मी झोपलो, आणि पहिल्याकडचं साठलेलं घेऊन येतो. दोन्ही घरी जेवून दोन्हीकडे उपाशी सांगणाऱ्या पाहुण्यासारखं, फक्त इथे दोन्ही यजमानांची संमती असते.

त्याआधी, २००५ साली माद्रिदमध्ये मार्टिन वार्सावस्की यांनी 'फॉन' नावाची कंपनी काढली होती. तुम्ही तुमचा डबा थोडा उघडा ठेवा, बदल्यात जगभरच्या अशा डब्यांवर तुम्हाला वायफाय मोफत. म्हणजे जगाची एक भावकीच. मग आपल्याकडे हे का रुजलं नाही? कंजूषपणा हे उत्तर मला पटत नाही. आपल्याकडे लोक रस्त्यावर पाणपोई घालतात.

उत्तराचा एक भाग २६ जुलै २००८ चा आहे. अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, आणि त्याआधी काही मिनिटं माध्यमांना धमकीचा ई-मेल गेला. तपास नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरापर्यंत पोचला. त्या घरातलं वायफाय वापरून तो पाठवला गेला होता. त्या वर्षी महाराष्ट्रातून असे आणखी ई-मेल गेले, त्यांतला एक माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या वायफायवरून. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना वायफाय सुरक्षित ठेवण्याबद्दल आदेश दिले. तेव्हापासून उघडं वायफाय म्हणजे उघडं दार अशी आपली समजूत झाली, आणि ती चुकीची नव्हती. तार माझ्या नावावर आहे. तिच्यावरून कोणी काही केलं तर पोलीस आधी माझ्या दारात येणार. विहिरीतून कोणी पाणी नेलं तर त्याने त्या पाण्याचं काय केलं याबद्दल मला कोणी विचारत नाही.

हा पेच सोडवण्याचा एक सरकारी प्रयत्न मला मनापासून आवडतो आणि त्याची चाल बघून तितकंच वाईट वाटतं. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी या योजनेला मंजुरी दिली. कल्पना आपल्या जुन्या पिवळ्या पाटीच्या एसटीडी-पीसीओची आहे. किराणा दुकानदार, चहावाला, झेरॉक्सवाला, कोणीही आपल्या तारेवर वायफाय विकू शकतो, परवाना नको, नोंदणी शुल्क नको. कोण वापरतंय याची ओळख पटवणं त्याच्या डोक्यावर नाही. ते वेगळ्या अ‍ॅपवाल्याने एकदा करायचं, आणि हिशेब ठेवणारा आणखी वेगळा. या सगळ्यांची मध्यवर्ती नोंद सी-डॉट या सरकारी दूरसंचार संस्थेकडे. सानपाड्याच्या पेचाला हे नेमकं उत्तर आहे: तार उघडी, पण माणूस ओळखीचा.

आणि तरी तुम्ही धाराशिवच्या बाजारपेठेत पीएम-वाणीची पाटी शोधून बघा. २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल संचार धोरणात २०२२ पर्यंत देशात एक कोटी सार्वजनिक वायफाय ठिकाणं करायचं लक्ष्य होतं. आपण त्याच्या जवळही गेलो नाही. एक कारण पैशाचं होतं. चहाच्या टपरीला कंपन्या महागड्या व्यापारी तारेचा दर लावायच्या. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने त्याला लगाम घातला: दोनशे मेगाबिटपर्यंतच्या तारेला, घरगुती दराच्या दुपटीहून जास्त घ्यायचं नाही. साडेचार वर्षं उशिरा. दरम्यान मोबाइलचा डेटा इतका स्वस्त झाला की टपरीवर पाच रुपयांचं वायफाय कोण घेणार, असं म्हणणारे म्हणतात. त्यांनी माझ्याबरोबर बालाघाटाच्या घडीतल्या एखाद्या वाडीवर यावं, जिथे फोन हातात घेऊन माणसं गच्चीचा एक विशिष्ट कोपरा गाठतात.

त्या वाड्यांसाठी भारतनेट होतं. २०११ साली ठरलं की प्रत्येक ग्रामपंचायतीला किमान शंभर मेगाबिटची प्रकाश-तार द्यायची. पुष्कळ ठिकाणी ती आली आहे. पंचायतीच्या कार्यालयात भिंतीवर डबा आहे, त्याचा हिरवा दिवाही लागतो. आणि संध्याकाळी सहाला कार्यालयाला कुलूप लागतं, नेमकं शेतावरून माणसं परत येतात तेव्हा. जिथे कोणी पुढाकार घेऊन त्या डब्याचं एक टोक बाहेर पारावर काढलं, तिथे पोरं पारावर बसलेली मी पाहिली आहेत. काही ठिकाणी कार्यालयाच्या बंद खिडकीला पाठ लावून बसलेलीही पाहिली, जेवढं झिरपेल तेवढं घेत.

तंत्र पुढे जातच आहे. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या मानकात प्रत्येक डब्याला एक 'रंग' देता येतो, त्रेसष्टपैकी एक, म्हणजे दूरच्या शेजाऱ्याचा क्षीण आवाज ओळखून 'हा आपला नाही, थांबायला नको' असं ठरवता येतं. येऊ घातलेल्या पिढीत शेजारचे डबे आपसात बोलून पाळ्या लावतील, कोण किती हळू बोलेल ते ठरवतील, अशी तयारी जगभर चालू आहे. म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा नियंत्रक यंत्रात येतोय. पण हे पुन्हा हवेचं झालं. तारेचं कुलूप यंत्र काढणार नाही.

शेवटी एक घरातलीच गोष्ट सांगतो. आमच्या नात्यातले दोन भाऊ, जुना वाडा, मध्ये वाटणीची भिंत. वाटणी मनाविरुद्ध झालेली, त्यामुळे भिंतही अंमळ जास्तच जाड. दोघांकडे वेगवेगळ्या कंपन्यांच्या तारा. थोरल्याकडे दुकानाचं काम, दिवसभर भरलेली. धाकट्याच्या घरात दिवसा कोणी नसतं, रात्री पोरं जागतात. मी सुचवलं की दोन तारा घेणारा एक छोटा डबा मिळतो, तो बसवा. तो एकेक काम या तारेवर, एकेक त्या तारेवर टाकतो. एकच व्हिडिओ दोन तारांवर फाडून देत नाही, पण दहा कामं असली तर पाच इकडे, पाच तिकडे, आणि रस्त्याच्या कामात जेसीबीने एक तार तोडली तर सगळं दुसरीवर. कंपन्यांच्या करारात घराबाहेर जोडणी देऊ नये असं बारीक अक्षरात असतं, तेही वाचलं. पण यांचा घरक्रमांक एकच आहे आणि घरपट्टी अजून वडिलांच्याच नावाने येते.

दोघे तयार झाले. बिल ज्याचं त्याने भरायचं, डब्याचे पैसे निम्मे निम्मे, कोणाच्या पोरांनी काय पाहिलं हे दुसऱ्याने विचारायचं नाही, असं ठरलं. अडलं ते एकाच ठिकाणी. तार पलीकडे न्यायला भिंतीला भोक पाडावं लागणार होतं, आणि ते कोणाच्या बाजूने पाडायचं यावर आठ दिवस गेले. थोरला म्हणे, माझ्याकडून पाडलं तर उद्या म्हणशील भिंत मी फोडली. धाकटा म्हणे, भिंत घालायला कोणी सांगितलं होतं.

नवव्या दिवशी आईने सांगितलं की भोक पाडायची गरजच नाही. भिंत घालताना तिने गवंड्याकडून एक देवळी आरपार ठेवून घेतली होती, दोन्ही बाजूंनी कॅलेंडर लावून झाकलेली. डबा आता तिथे आहे.